तीन चाकांना लायसन्स लागतं का हो?

आमच्या बचतगटाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीनला असते. तीनला म्हणजे साडेतीनला, हे आता सगळ्यांनीच धरून ठेवलंय. पण एक जण मात्र नेहमी पावणेतीनलाच हजर. गेटपाशी तिच्या स्कूटरचा हॉर्न वाजला की समजायचं, सतरंजी घालायला घ्या. गेल्या पावसाळ्याआधीच्या एका गुरुवारी मात्र हॉर्न वाजलाच नाही. सव्वाचारला ती रिक्षातून उतरली. एका हाताने कॅलिपरचा पाय सावरत, दुसऱ्या हातात साड्यांचं गाठोडं. डोळे सुजलेले.

"ताई, गाडी पकडली."

नाकाबंदीत थांबवलं होतं. लायसन्स विचारलं, नव्हतं. गाडीचे कागद बघितले, त्यावर नाव भावाचं. आणि कागदावर दोन चाकांची गाडी, रस्त्यावर मात्र मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक लावलेली. हवालदार तसे चांगले बोलले म्हणे. "मॅडम, आम्हाला काय आनंद आहे का?" असंच म्हणाले. पण गाडी ठेवून घेतली. विनापरवाना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली पोलिसांना ती ताब्यात घेता येते. दंडाचे आकडे ऐकून गटात सगळ्या गप्प झाल्या. परवाना नसताना चालवलं म्हणून ५,००० रुपये. आणि परवाना नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली म्हणून मालकाला, म्हणजे भावाला, वेगळे ५,०००. फॉल-पिकोच्या किती साड्या झाल्या बघा!

"पण ताई, मला तर सगळ्यांनी सांगितलं होतं, अपंगांच्या गाडीला लायसन्स लागत नाही. हेल्मेट पण लागत नाही."

मैत्रिणींनो, आता खरं सांगते. ते "सगळ्यांनी" म्हणजे त्यात मीही होते.

ती स्कूटर घ्यावी हा आग्रह माझाच. गटाच्या अंतर्गत कर्जातून ४०,००० रुपये मंजूर करून घेतले तेही मीच. जुनी विनागिअरची स्कूटर आणि वर साइड व्हीलचा खर्च. गॅरेजवाल्याला मी विचारलं होतं, याला काही परवानगी वगैरे? तो म्हणाला, "काय नाय मॅडम, अपंगांना कोण पकडत नाय." मी मान डोलावली आणि घरी आले. बी.ए. झालेली बाई मी, वीस वर्षं शिधापत्रिका, निराधार योजना, अपंगांचे दाखले असल्या कामांत फिरतेय. साधं कायद्याचं पान उलटून बघितलं नाही. का? कारण मनात कुठेतरी तेच होतं, बिचारीला कोण अडवणार! ही दया तिला १०,००० रुपयांना पडली.

तिच्याबद्दल थोडं सांगते, नाव मुद्दाम देत नाही. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. आज चाळिशी ओलांडलेल्या पिढीत असे पाय प्रत्येक गावात दिसतात. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. त्याचा आनंद आहेच. पण पोलिओ गेला म्हणजे पोलिओ झालेली माणसं गेली नाहीत ना! ती आहेत, आपल्या वयाची आहेत आणि त्यांनाही बाजारात जायचं असतं.

ती राहते सोपाऱ्याच्या बाजूला. काम वसई रोड आणि पापडीच्या साडीवाल्यांचं. पूर्वी सकाळी शेअर रिक्षा, मग स्टेशनचा पूल, मग पुन्हा रिक्षा. शेअर रिक्षात मागे तिघे बसवतात, कॅलिपरचा पाय दुमडत नाही, म्हणून रिक्षावाले तिला टाळायचे. किंवा दोन सीटचे पैसे मागायचे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरलं की घरी बसायचं. दिवसाला आठ-दहा साड्यांच्या पुढे काम जात नव्हतं. स्कूटर आल्यावर ते दुप्पट झालं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती एक दिवस आगाशीच्या बाजूने, अर्नाळ्याच्या समुद्रापर्यंत एकटी जाऊन आली. कामाला नाही, उगाच. मला फोन करून सांगितलं, "ताई, मी समुद्र बघायला गेले होते. कुणाला न विचारता."

तर अशी ती गाडी ठाण्याच्या आवारात उभी होती.

मग मी कायदा वाचायला बसले. वाचता वाचता माझा राग गॅरेजवाल्यावरून सरकत सरकत भलतीकडेच गेला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'इनव्हॅलिड कॅरेज' असा वेगळा प्रकार पहिल्यापासून आहे. त्याचा परवाना वेगळा. म्हणजे "अपंगांना लायसन्स लागत नाही" हे कधीच खरं नव्हतं. लागतंच, आणि तेही खास त्यांच्या वाहनाचं. इतकंच नव्हे, तर ज्याला इतर गाड्यांसाठी शारीरिक कारणाने नाकारलं जाईल, अशा अर्जदारालाही हे वाहन चालवता येतं अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर शिकाऊ परवाना द्यावा, अशी सोयही कलम ८ मध्ये होती. वाचून बरं वाटलं. पण व्याख्या बघा. असं वाहन अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेलं असावं, 'नुसतं बदलून घेतलेलं' नसावं, असं तिथे लिहिलं होतं!

आता मला सांगा, कारखान्यातून खास अपंगांसाठी बनून आलेली गाडी तुम्ही वसईच्या कुठल्या शोरूममध्ये पाहिलीत? मी तरी नाही. आपल्याकडे सगळ्या गाड्या बदलूनच घेतलेल्या. पूर्वी लुनाला चाकं लावायचे. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, गिअर नाही, बटणावर सुरू होणारी, तेव्हा तर पायाने अधू असलेल्यांना देवच भेटला. मग स्कूटी, मग आजच्या गाड्या. लोहार म्हणा, वेल्डिंगवाला म्हणा, त्याने मागे आडवा दांडा टाकायचा, दोन बाजूंना दोन लहान चाकं. मोजायला गेलं तर ती चार चाकं होतात, पण सगळे म्हणतात तीनचाकी. एवढी वर्षं हजारो माणसं त्या चाकांवर नोकरीला गेली, शाळा-कॉलेजात गेली, आणि कायद्याच्या लेखी त्यांचं वाहन धड दुचाकीही नाही आणि धड 'इनव्हॅलिड कॅरेज'ही नाही. वर कलम ५२ सांगतं, कंपनीने दिलेल्या गाडीत परस्पर बदल करायचा नाही. म्हणजे करायचं काय?

हा घोळ निस्तरायला २०१९ साल उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने 'इनव्हॅलिड कॅरेज' हा शब्द काढून 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे गरजेप्रमाणे अनुकूल करून घेतलेलं वाहन, असा शब्द घातला. नुसता शब्द बदलला नाही. आता खास बनवलेलं किंवा नंतर बदलून घेतलेलं, दोन्ही चालतं. कलम ५२ मध्येही सोय झाली, की मालकाने आपली गाडी अशा रीतीने बदलून घ्यावी आणि नंतर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, फक्त बदल ठरवून दिलेल्या अटींत बसायला हवा. ऑक्टोबर २०२० पासून तर नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारांत 'दिव्यांगजन' अशी वेगळी नोंदही आली.

इतकं सगळं झालं आणि आमच्या गटातल्या चौदा जणींपैकी एकीला ठाऊक नव्हतं. त्या गॅरेजवाल्यालाही नव्हतं, किंवा असेल आणि सांगायचं नसेल.

कागदावर नाव भावाचं का, हे मी तिला विचारलं. उत्तर आपल्या सगळ्यांच्या घरातलंच आहे. "शोरूममध्ये, म्हणजे जुन्या गाडीवाल्याकडे दादा गेला होता ना, मग त्याच्याच नावावर झाली." हप्ते ही भरते, चालवते ही, नाव दादाचं. शिवाय व्याख्येत आणखी एक अट आहे. असं वाहन 'केवळ त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी' वापरायचं असतं. आणि इथे दादा सकाळी दूध आणायला, पुतण्या क्लासला, सगळे त्याच गाडीवर! पुतण्या तर सतरा वर्षांचा. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर २०१९ पासून पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी त्या घरात सांगितलं तेव्हा वहिनीने पुतण्याच्या हातातून किल्ली अशी काही काढून घेतली की बास. पण बाईच्या नावावर गाडी करायची म्हटल्यावर दादाचा चेहरा जरा उतरलाच. "आमच्यावर विश्वास नाही का?" विश्वासाचा प्रश्न नाही हो दादा, विम्याचा आहे.

विम्याचं नीट समजून घ्या, कारण दंडापेक्षा मोठा खड्डा इथे आहे. समजा तिच्या गाडीचा धक्का लागून कुणी जखमी झालं. तिसऱ्या माणसाला भरपाई मिळायला हवी, म्हणून न्यायालयं विमा कंपनीला पैसे द्यायला लावतात. पण चालवणाऱ्याकडे वैध परवाना नव्हता आणि मालकाने त्याची पर्वा केली नाही असं ठरलं, तर कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून हे चालत आलंय. अशी भरपाई काही हजारांत नसते, लाखांत असते. दादाचं घर विकलं तरी फिटणार नाही. आणि गाडीत केलेला बदल कागदावर नसला, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा करताना कंपनीला बोट ठेवायला आयती जागा. हे ऐकल्यावर दादा स्वतःच म्हणाले, "कधी जायचं नाव बदलायला?"

आपल्यापैकी किती जणींच्या स्कूटरचे कागद नवऱ्याच्या नावावर आहेत, आणि किती जणी शिकाऊ परवान्याची मुदत संपल्यावरही मुलांना शाळेत सोडायला जातात? मी आमच्या सोसायटीत सहज विचारलं तर तिघी गोऱ्यामोऱ्या झाल्या. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो. निघाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. "वेळच नाही मिळाला" हे सगळ्यांचं उत्तर.

आता हेल्मेटकडे येते. खरं तर मला लिहायचं होतं ते याच्यावरच.

ती म्हणायची, "ताई, दोन चाकांची गाडी पडते म्हणून हेल्मेट. माझी कशी पडणार? तीन चाकं आहेत." ऐकायला पटतं. पण तसं नसतं. साधी दुचाकी वळणावर आतल्या बाजूला कलते, आपणही अंग कलवतो आणि तोल साधतो. साइड व्हीलची गाडी कलूच शकत नाही. त्यामुळे वेगात वळवली की ती बाहेरच्या बाजूला उलटू बघते, आतलं लहान चाक जमिनीवरून उचललं जातं. दुसरी गोष्ट आपल्या रस्त्यांची. दोन बाजूंची चाकं उंचवट्यावर आणि मधलं मागचं चाक खड्ड्यात आलं, तर ते अधांतरी राहतं. त्या क्षणी त्याला ना ओढ, ना ब्रेक. आणि गाडी मागे रुंद असते हे पुढे बघताना लक्षात राहत नाही, चिंचोळ्या जागेतून काढताना चाक अडकतं. हळू चालवायला, सिग्नलला उभं राहायला ती गाडी उत्तमच. पण पडणारच नाही असं कुणी सांगत असेल तर त्याने ती चालवलेली नाही. आणि पडल्यावर डोकं रस्त्यापासून तेवढ्याच उंचीवर असतं, चाकं दोन असोत की तीन.

कायद्याचं म्हणाल तर कलम १२९ म्हणतं, कोणत्याही प्रकारच्या मोटारसायकलवर चालवणाऱ्या आणि बसणाऱ्या, चार वर्षांवरच्या प्रत्येकाने हेल्मेट घालायचं. सूट आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला. अपंग व्यक्तीला नाही. आता एखादा वकील म्हणेल, कायद्यात मोटारसायकलची व्याख्याच 'दोन चाकांचं वाहन' अशी आहे, जोडता-काढता येणारी साइड कार धरून. मग अनुकूल केलेलं वाहन त्यात बसतं का? वाद घालायला जागा आहे खरी. सरकारने एक ओळ लिहून तो मिटवायला हवा. तोवर मी माझ्या मैत्रिणीला वकिलाच्या भरवशावर उघड्या डोक्याने सोडणार नाही.

साइड कारवरून आठवलं. लहानपणी माझ्या काकांकडे साइड कारवाली स्कूटर होती. काका चालवायचे, काकू मागे आडव्या बसायच्या, आणि आम्ही तिघं भावंडं साइड कारमध्ये कोंबलेली. गावातून होळीच्या बाजाराला जाताना आम्हाला राजे असल्यासारखं वाटायचं. गंमत म्हणजे तेव्हाच्या कायद्याने साइड कारमध्ये बसलेल्यांना हेल्मेटमधून सूट होती! २०१९ मध्ये कलम नव्याने लिहिलं तेव्हा ती गेली. आमच्या पाचही डोक्यांवर काही नव्हतं. आणि आम्ही सुखरूप राहिलो, म्हणून "आमच्या वेळी कुठे होतं हेल्मेट?" असं म्हणायला आम्ही मोकळे.

आमच्या शेजारच्या वहिनी मात्र मोकळ्या राहिल्या नाहीत. काही वर्षांपूर्वीचा श्रावण. वसईगावात हळदीकुंकवाला निघाल्या होत्या, मुलाच्या मागे, आडव्या बसून, नवी नारायणपेठी नेसून. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पाण्याने भरलेला खड्डा, गाडी उडाली, मुलगा हँडलला धरून होता, वहिनी मागच्या मागे पडल्या. गाडीचा वेग ऐकाल तर पंचवीस-तीस. अंगावर एक ओरखडा नव्हता. चौथ्या दिवशी गेल्या. तो मुलगा आजही आईच्या फोटोसमोर बसला की एकच बोलतो, "मी घातलं होतं, तिला नव्हतं दिलं." घरात हेल्मेट एकच होतं. बहुतेक घरांत एकच असतं.

म्हणून मागे बसणाऱ्यांबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण मागे बहुतेकदा आपण असतो. आपली कारणंही मला पाठ आहेत, मी स्वतः ती वर्षानुवर्षं दिली. अंबाडा बसत नाही. गजरा चुरगळतो. घाम येतो, केस गळतात. दोन मिनिटांचंच तर अंतर आहे. हातात पिशवी, ते ओझं कुठे सांभाळू? सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघेही गेले. तेव्हा महिनाभर घराघरांत मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा चालली. पण ती चर्चा करत करत आपण दुचाकीवर मागे बसून भाजीला जात होतो, उघड्या डोक्याने. जून २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू झाली होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यभर तसे आदेश निघाले. चार दिवस स्टेशनबाहेर पावत्या फाडल्या गेल्या. मग पुन्हा सगळं जिथल्या तिथे. हेल्मेटसक्ती म्हटलं की आपल्याकडे मोर्चे निघतात, पुण्यात तर कृती समित्या झाल्या. आधी रस्ते नीट करा, मग हेल्मेट मागा, असं म्हणतात. मला तर उलट वाटतं. रस्ते नीट नाहीत म्हणूनच डोकं झाका, आणि रस्त्यांसाठीही भांडा. दोन्ही एकदम करायला कुणी अडवलंय?

आणि कायदा करणाऱ्यांना आपली आठवण अगदीच नव्हती असंही नाही. मागचं चाक निम्म्याहून कमी झाकलेलं नसावं, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकू नयेत, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम १९८९ पासून आहे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते. तिथेच मागे धरायची मूठ आणि पाय ठेवायची जागाही सांगितली आहे. बाजूला 'लुक' बिघडतो म्हणून मुलं ते साडीगार्ड काढून टाकतात आणि ओढणी, पदर चाकात जातात. नवी दुचाकी घेताना हेल्मेट गाडीसोबत द्यायचं, हेही नियमांत आहे. घेताना मागून घ्या. चार वर्षांखालच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, लहान मापाचं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. आणि हेल्मेट घ्याल ते आयएसआय शिक्क्याचं. १ जून २०२१ पासून बिनशिक्क्याचं हेल्मेट बनवणं-विकणंच बेकायदा आहे, तरी हायवेच्या कडेला दीडशे रुपयांच्या टोपल्या लटकलेल्या दिसतातच. ती पावतीपासून वाचवते, रस्त्यापासून नाही.

असो. आमच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगते.

दंड भरला. गटाच्या आपत्कालीन निधीतून निम्मा, निम्मा दादांनी. गाडी सुटली, पण चालवायची नाही, अंगणात झाकून ठेवली. तिचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र होतंच. चाळिशी ओलांडली म्हणून डॉक्टरांचा नमुना १-ए मधला दाखला घेतला. शिकाऊ परवाना काढला. गाडी तिच्या नावावर करून साइड व्हीलची नोंद घालायला चंदनसारला परिवहन कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या, एकदा कागद कमी म्हणून, एकदा आमचाच वार चुकला म्हणून. त्या दिवशी एका एजंटाने बाहेर गाठून विचारलं, "मॅडम, कशाला उन्हात फिरवताय त्यांना, मी घरपोच आणतो." रक्कम सांगितली ती ऐकून तिनेच हात जोडले. म्हणाली, "आतापर्यंत घरपोचच सगळं आलं दादा, म्हणून तर गाडी गेली."

परीक्षा आपल्याच गाडीवर द्यायची असते. तिने दिली. वळणावर किती हळू घेतलं म्हणून सांगू! हेल्मेट निळं घेतलंय, आयएसआयचं. आधी कान दुखतात म्हणून कुरकुर केली, मग मापाचं बदलून आणलं. अंबाडा सोडून आता वेणी घालते.

या सगळ्यात आमचे अडीच महिने गेले आणि तेवढे दिवस तिचं काम निम्म्यावर आलं. एका बाईचं हे. तालुक्यात अशा गाड्या चालवणारे किती तरी आहेत, त्यातले निम्मे तरी "आपल्याला लागत नाही" याच समजुतीत असावेत. महापालिकांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. त्यातून वर्षाला दोन शिबिरं घेता येतील. डॉक्टर, परिवहन कार्यालयाची माणसं आणि विम्याचा माणूस एका मांडवात, आणि जाताना प्रत्येकाला एक चांगलं हेल्मेट. व्हीलचेअर वाटपाचे फोटो आपण पेपरात बघतोच. परवाना वाटपाचा एखादा बघायला मला आवडेल. गॅरेजवाल्यांनाही बोलवा. चाकं लावून देताना "पुढे नोंद करून घ्या" एवढं वाक्य बोलायला पैसे पडत नाहीत. आम्ही तसा अर्ज टाइप करून ठेवलाय, गटाच्या चौदा सह्या आहेत, या आठवड्यात नेऊन देऊ.

गटात मात्र अजून एक गोष्ट अडकली आहे. मागच्या गुरुवारी मी ठराव मांडला, की यापुढे गाडीसाठी कर्ज हवं असेल तर चालवणारीचा परवाना दाखवायचा, कागद तिच्याच नावावर करायचे आणि कर्जाच्या रकमेत दोन हेल्मेटं धरायची. एक नाही, दोन. यावर बराच गोंधळ झाला. परवाना ठीक, नाव ठीक, पण दुसऱ्या हेल्मेटचे हजार-बाराशे कशाला वाढवायचे, मागे बसणारी आपलं आपण आणेल की, असं सहा जणींचं म्हणणं. दोघी काहीच बोलल्या नाहीत. तिने हात वर केला, पण म्हणाली, माझ्या गाडीवर मागे कुणी बसत नाही, तरी माझं मत दोनालाच. पुढच्या बैठकीत पुन्हा मतदान आहे. वेळ तीनची, म्हणजे साडेतीनची.